गर्भनिरोधक पॅच: साइड इफेक्ट्स, क्लॉटची भीती आणि घ्यायची काळजी

रानजाई
नमस्कार मंडळी, जरा खाजगी विषय आहे पण इथे आधी असे धागे वाचलेत म्हणून विचारतेय. मी न्यू जर्सीत असते, वय ३२, मुलगी दीड वर्षांची आहे आणि दुसरं मूल इतक्यात नकोय. लॅबमध्ये शिफ्टची नोकरी असल्यामुळे रोज ठरलेल्या वेळी गोळी घेणं जमत नाही म्हणून गायनॅकने झुलेन नावाचा कातडीवर चिकटवायचा पॅच सुचवलाय. आठवड्याला एक असे तीन आठवडे लावायचे, चौथ्या आठवड्यात काहीच नाही, तेव्हा पाळी येते. फार्मसीतून बॉक्स आणलाय पण उघडला नाहीये, कारण आतल्या कागदावर सगळ्यात वर काळ्या चौकटीत हृदय-रक्तवाहिन्यांच्या धोक्याची जी वॉर्निंग आहे ती वाचून पोटात गोळाच आला. आई फोनवर म्हणते हार्मोन्सच्या भानगडीत पडूच नकोस, पुण्यातल्या मैत्रिणींना विचारलं तर कुणी पॅच बघितलेलाही नाही. डिसेंबरमध्ये भारतात जायचंय, म्हणजे पंधरा-सोळा तास विमानात बसायचं, त्यामुळे क्लॉटचं, म्हणजे रक्तवाहिनीत रक्ताची गाठ होण्याचं, टेन्शन जास्त आहे. ज्यांनी वापरलाय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मळमळ, खाज, वजन, मूड, आंघोळीत निघतो का, सगळंच.

अबोली७
मी इंग्लंडमध्ये आहे, इथे एव्हरा नावाने मिळतो आणि सरकारी आरोग्यसेवेत गर्भनिरोधकं फुकट असतात, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नव्हता. मी बरेच महिने वापरतेय. सुरुवातीला छाती इतकी दुखायची की मुलाने मिठी मारली तरी नको व्हायचं, मळमळ पहिल्या पॅचला जास्त होती, नंतर कमी होत गेली, आणि मधेच स्पॉटिंग. नर्सने आधीच सांगितलं होतं की पहिले तीन महिने असं होऊ शकतं, त्याने घाबरून मधेच सोडू नकोस. वजन माझं तरी वाढलं नाही.

त्वचेचं मात्र लक्ष ठेवावं लागतं. काढल्यावर जागा लाल दिसते, एक-दोन दिवस खाजते, म्हणून दर वेळी जागा बदलायची, एकदा पोटावर डावीकडे तर पुढच्या वेळी उजवीकडे किंवा कमरेच्या खाली मागे. कडेने चिकट राहतं त्याला कपड्यांचे धागे आणि मळ चिकटून काळी रिंग तयार होते, दिसायला घाण वाटते पण त्याने काही बिघडत नाही. काढल्यावर ती रिंग बेबी ऑइल लावून चोळली की निघते. मात्र नवीन पॅच लावायच्या जागी तेल, क्रीम, पावडर काही म्हणजे काही नको, नाहीतर चिकटतच नाही. दिवाळीत अभ्यंगस्नानाला अंगभर तेल लावलं होतं तेव्हा पॅचच्या भोवती चांगली चार बोटं जागा सोडली होती, टिकला. आंघोळ, पोहणं, घाम यात माझा कधी पूर्ण निघाला नाही.

केवडा_गायनॅक
रानजाई, मी गायनॅकॉलॉजिस्ट आहे, बर्मिंगहॅमला काम करते. इथे मी तुमची ट्रीटमेंट ठरवू शकत नाही, पण ती चौकट कशासाठी आहे ते सांगते म्हणजे तुमच्या डॉक्टरांशी नीट बोलता येईल.

पॅचमध्ये दोन हार्मोन्स असतात, एक इस्ट्रोजेन आणि एक प्रोजेस्टिन, म्हणजे नेहमीच्या कॉम्बिनेशन गोळीसारखंच, फक्त पोटातून न जाता कातडीतून रक्तात जातं. त्यामुळे उलटी झाली तरी डोस वाया जात नाही हा फायदा. पण पोटातून नाही म्हणजे सौम्य असणार असं पुष्कळ जणींना वाटतं, ते बरोबर नाही. अमेरिकेत पहिला पॅच २००१ साली मंजूर झाला आणि २००५ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) लेबलवर ठळक सूचना घालायला लावली की ३५ मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनच्या गोळीपेक्षा पॅचमधून शरीराला एकूण साधारण ६० टक्के जास्त इस्ट्रोजेन मिळतं. गोळीने रक्तातली पातळी एकदम वर जाते आणि खाली येते, पॅचमध्ये वरचं टोक कमी असतं पण पातळी दिवसभर टिकून राहते, म्हणून बेरीज जास्त होते. छाती दुखणं, मळमळ हे त्यातलंच.

आता क्लॉट. युरोपियन औषध संस्थेचे आकडे असे की कुठलंच हार्मोन न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला साधारण २ जणींना क्लॉट होतो, लिव्होनॉरजेस्ट्रेलवाली जुनी गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७, आणि तुमच्या पॅचमधलं नॉरएल्जेस्ट्रोमिन हे प्रोजेस्टिन वापरणाऱ्यांत ६ ते १२. म्हणजे बहुतेक जणींना काही होत नाही, पण ज्यांना आधीच धोका आहे त्यांच्यासाठी हे आकडे लागू पडत नाहीत, त्यांचा धोका खूप वर जातो. म्हणून मला स्वतःला पॅच कसा लावायचा यापेक्षा कुणी लावायचा नाही हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

ज्यांना पूर्वी पायात किंवा फुप्फुसात क्लॉट झालाय, हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक झालाय, ज्यांचं बीपी कंट्रोलमध्ये नाही, ज्यांना ब्रेस्ट कॅन्सर किंवा लिव्हरचा गंभीर आजार आहे, ज्या ३५ च्या वर असून सिगरेट ओढतात, ज्यांना रक्ताच्या गाठी व्हायला कारण ठरणाऱ्या अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी आहेत (वारंवार गर्भपात होणाऱ्यांत ही टेस्ट केलेली असते, रिपोर्ट शोधा), यांनी पॅच नको. बाळंतपणानंतर पहिले तीन आठवडे तर अजिबात नको आणि अंगावर पाजत असाल तर सहा आठवड्यांच्या आत नको, त्यानंतरही बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत शक्यतो दुसरं काहीतरी निवडावं. मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर चार आठवडे आधी बंद करायचं असतं. आणि मायग्रेन, त्यावर कुणी विचारलं तर वेगळं लिहीन.

कोकणकन्या_
डॉक्टर मी विचारते. मला डोकं दुखायच्या आधी डोळ्यापुढे वाकड्यातिकड्या चमकणाऱ्या रेषा येतात, पंधरा-वीस मिनिटं अर्धं दिसतच नाही आणि मग डोकं ठणकायला लागतं. आम्ही घरी याला पित्तच म्हणतो, उलटी झाली की बरं वाटतं. मी दुबईत कॉम्बिनेशन गोळी घेते, आणि मैत्रीण म्हणाली म्हणून पॅचवर जायचा विचार करत होते.

केवडा_गायनॅक
कोकणकन्या, तुम्ही जे वर्णन केलंय त्याला ऑरा असलेला मायग्रेन म्हणतात, आणि ऑरा असेल तर कुठल्याही वयात इस्ट्रोजेन असलेली गोळी, पॅच, रिंग काहीच देत नाहीत कारण स्ट्रोकचा धोका वाढतो. तुम्ही आत्ता घेताय ती गोळी सुद्धा त्यात आली, तेव्हा याच आठवड्यात डॉक्टरकडे जा आणि त्या रेषांचं वर्णन जसं इथे लिहिलंय तसंच सांगा. तोवर कंडोम वापरा. तुमच्यासाठी नुसत्या प्रोजेस्टिनची गोळी, इम्प्लांट, कॉपर टी असे बरेच पर्याय आहेत. आपल्याकडे डोकेदुखीला पित्त म्हणायची इतकी सवय आहे की फॉर्मवर मायग्रेन आहे का या प्रश्नाला बायका सरळ नाही लिहितात, म्हणून मी पेशंटला विचारताना डोकं दुखायच्या आधी नीट दिसतं का, हात किंवा ओठ बधिर होतात का असंच विचारते.

कोकणकन्या_
अपॉइंटमेंट घेतली. उद्याच आहे. खरंच थँक्यू.

मुक्ता_डॅलस
रानजाई तुला घाबरवायचं नाहीये पण हे लिहिणं मला गरजेचं वाटतं. माझ्या मामेबहिणीने पॅच सुरू केल्यावर काही महिन्यांनी तिची डावी पोटरी दुखायला लागली. ती पळायला जायची त्यामुळे स्नायू आखडला असेल असं सगळ्यांनाच वाटलं, शेक घेतला, स्प्रे मारला. पण एकच पाय दुखत होता, तोच सुजला होता आणि हाताला गरम लागत होता. मग एका संध्याकाळी कपड्यांची बास्केट घेऊन जिना चढताना तिला इतकी धाप लागली की मधल्या पायरीवर बसली, छातीत श्वास घेताना टोचत होतं. नवऱ्याने ताबडतोब इमर्जन्सीला नेलं म्हणून वाचली, सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात क्लॉट निघाला. हेपरिन आणि मग बरेच महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या. आता एकदम ठणठणीत आहे, कॉपर टी बसवलीय.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. हे सगळं झाल्यावर मामी म्हणाली की अगं तुझ्या मोठ्या मावशीचा पण बाळंतपणानंतर एक पाय असाच सुजला होता, महिनाभर झोपून होती, वारं लागलं म्हणून शेकत होते. तो क्लॉटच असणार ना! बहिणीने फॉर्मवर कुटुंबात क्लॉटचा इतिहास नाही असं लिहिलं होतं कारण आपल्या घरात तो शब्द कुणी वापरलेलाच नाही. त्यामुळे तू आईला क्लॉट होता का असं विचारू नकोस, बाळंतपणात किंवा ऑपरेशननंतर घरात कुणाचा एकच पाय सुजला होता का, कुणी तरुण वयात अचानक धाप लागून गेलं का असं विचार. मावश्या, आत्या सगळ्यांकडून काढून घे.

केवडा_गायनॅक
मुक्ता, फार महत्त्वाचं लिहिलंत. आई, बहीण, भाऊ, वडील यांच्यापैकी कुणाला ४५ च्या आत क्लॉट झाला असेल तर आम्ही सहसा इस्ट्रोजेन टाळतो. मावशी-आत्याचं पण सांगावं, डॉक्टर ठरवतील पुढे काय करायचं ते.

आणि लक्षणं सगळ्यांनी पाठ करून ठेवा, नवऱ्यालाही सांगून ठेवा: एकाच पायात दुखणं किंवा सूज, अचानक धाप, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, आजवर कधी दुखलं नव्हतं असं भयंकर डोकं दुखणं, अचानक दिसेनासं होणं, बोलताना जीभ जड होणं, एका बाजूची ताकद जाणं, पोटात खूप जोरात दुखणं, डोळे पिवळे होणं. यातलं काहीही झालं तर पॅच काढायचा आणि सरळ इमर्जन्सीला जायचं, तिथे गेल्यागेल्या मी हार्मोनल पॅच वापरते हे सांगायचं. पॅच कपड्याखाली असतो, आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

वाटसरू
पुरुष आयडी आहे, माफ करा, बायकोच्या वतीने विचारतोय. तिचं वजन ९४ किलो आहे, आम्ही कॅनडात असतो. तिला पॅच चालेल का? आणि तिला अपस्माराचा त्रास आहे, लॅमोट्रिजिन चालू आहे.

केवडा_गायनॅक
माफी कसली, बरं झालं विचारलंत. ९० किलो किंवा जास्त वजन असेल तर पॅचचा परिणाम कमी होऊ शकतो. सुरुवातीच्या चाचण्यांत पॅच वापरत असताना १५ जणी गरोदर राहिल्या त्यातल्या ५ जणी ९० किलो किंवा जास्त वजनाच्या होत्या, आणि एकूण सहभागी बायकांत इतक्या वजनाच्या ३ टक्केही नव्हत्या. शिवाय वजनाबरोबर क्लॉटचा धोकाही वाढतो, अमेरिकेत तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० किंवा जास्त असेल तर झुलेन आणि ट्विर्ला (तिथला दुसरा पॅच) दोन्ही वापरू नयेत असं लेबलवरच आहे.

लॅमोट्रिजिनचं त्याहून महत्त्वाचं. इस्ट्रोजेनमुळे रक्तातलं लॅमोट्रिजिन कमी होतं आणि फिट येऊ शकते, आणि मधे पॅच नसलेल्या आठवड्यात ते परत वाढतं. न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय पॅच सुरू करू नका. फिटच्या दुसऱ्या काही गोळ्या, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, यांचा परिणाम उलटा होतो, त्या पॅचचंच काम बिघडवतात. तुमच्या केसमध्ये कॉपर टी किंवा हार्मोनवाली आययूडी (गर्भाशयात बसवायचं साधन) यावर आधी बोला.

सदाफुली_नाशिक
मी सरकारी आरोग्य केंद्रात नर्स आहे. भारतातून वाचणाऱ्यांसाठी लिहिते, पॅच आपल्याकडे मेडिकलमध्ये सहज मिळत नाही आणि सरकारी कार्यक्रमात नाही. सरकारी केंद्रात कंडोम, माला-एन, कॉपर टी, अंतरा आणि छाया या गोष्टी फुकट मिळतात. अंतरा म्हणजे तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन. छायात हार्मोन नसतं, सेंटक्रोमन असतं, लखनौच्या प्रयोगशाळेत शोधलेलं, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा. रोज गोळी नको असणाऱ्या बायकांना मी हे दोन्ही समजावून सांगते. परदेशातून कुणी पॅच पाठवले म्हणून बीपी न मोजता लावू नका, प्लीज.

अजून एक, टीबीची औषधं. रिफाम्पिसिन चालू असेल तर पॅच आणि गोळी दोन्हींचा भरवसा नाही, औषध संपल्यावरही चार आठवडे नाही. आपल्याकडे टीबी घरोघरी आहे म्हणून आवर्जून सांगते.

निसर्गमित्र२
इतकं सगळं वाचून वाटतं की हे हार्मोन्स म्हणजे विषच आहे, शरीराच्या विरोधात जाऊन काही करूच नये, त्यापेक्षा काढे आणि पाळीचे दिवस मोजणं काय वाईट?

केवडा_गायनॅक
तुमची काळजी समजते, पण गरोदरपणात क्लॉटचा धोका पॅचपेक्षा जास्त असतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तर कितीतरी जास्त. नको असलेलं गरोदरपण टाळणं ही सुद्धा सुरक्षितताच आहे. दिवस मोजायचे असतील तर पाळी नियमित हवी आणि ती पद्धत नीट शिकून घ्यायला हवी. काढ्याने गर्भ राहत नाही यावर कृपा करून कुणी विसंबू नका. आणि नैसर्गिक म्हणून विकली जाणारी सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती आहे, मूडसाठी परदेशात दुकानात अशीच मिळते, ती पॅचचा परिणाम कमी करते.

अबोली७
मूडवरून आठवलं, माझ्या एका मैत्रिणीला पॅचवर खूप उदास वाटायला लागलं होतं, सारखं रडू यायचं. तिने डॉक्टरला सांगून बंद केला. यात सहन करत बसायचं काही कारण नाही. आणि चेहऱ्यावर वांग येऊ शकतात, गरोदरपणात आले असतील तर पुन्हा येण्याची शक्यता जास्त, सनस्क्रीन लावा.

रानजाई
मंडळी, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. मुक्ताने सांगितलं तसं आईला विचारलं, आईने दोन दिवस फोन करून सगळ्या मावश्यांना, आत्यांना विचारलं, तसं कुणाचं काही निघालं नाही. आईला स्वतःला बीपी आहे पण ते पन्नाशीनंतर. माझं बीपी क्लिनिकमध्ये मोजलं, नॉर्मल आहे, मायग्रेन नाही, सिगरेट नाही, वजन ठीक. तर पाळीच्या पहिल्या दिवशी, रविवारी, पॅच लावला. पहिल्या दिवशी लावला तर लगेच काम करतो, नंतर लावला तर सात दिवस कंडोम, असं सांगितलं.

आता गंमत अशी की मुलीला तो स्टिकर वाटतो. मांडीवर बसली की टी-शर्ट वर करून कोपरा उचकटते. काल अर्धा काढला होता, मी तळहाताने दहा सेकंद दाबून धरला तर परत चिकटला. पूर्ण काढला तर काय करायचं? आणि डिसेंबरच्या प्रवासासाठी एक महिना बंद करून जानेवारीत परत सुरू करू का?

केवडा_गायनॅक
आधी मुलीचं. पॅच पाठीच्या वरच्या भागावर किंवा मागे कमरेखाली लावा, तिचा हात पोचणार नाही, फक्त छातीवर कधीही लावायचा नाही. पूर्ण निघाला आणि २४ तासांच्या आत लक्षात आलं तर तोच लावा, चिकट राहिला नसेल तर नवीन लावा, बदलायचा वार तोच राहतो. २४ तासांपेक्षा जास्त झाले किंवा कधी निघाला तेच माहीत नसेल तर नवीन पॅचने चक्र पहिल्यापासून सुरू आणि सात दिवस कंडोम. वरून चिकटपट्टी लावून धरून ठेवायचा नाही आणि पॅच कापायचा नाही. वापरून झालेल्या पॅचमध्येही हार्मोन शिल्लक असतं, चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि मुलीला मिळणार नाही अशा कचऱ्यात टाकायचा, टॉयलेटमध्ये फ्लश करायचा नाही.

प्रवासासाठी महिनाभर बंद करून परत सुरू करणं हा उलट वाईट उपाय आहे. क्लॉटचा धोका पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त असतो आणि चार आठवडे किंवा जास्त खंड पडून परत सुरू केलं की तो पुन्हा वर जातो. चार तासांच्या वरच्या कुठल्याही प्रवासात धोका थोडा वाढतोच, त्यामुळे पॅच चालू ठेवून पाय हलवत राहा, दर तासा-दोन तासांनी पॅसेजमध्ये चक्कर मारा, बसल्या जागी घोटे फिरवा, पाणी प्या, झोपेची गोळी घेऊन एकाच स्थितीत झोपू नका. फ्लाइट सॉक्स घ्यायचे का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि पोचल्यावर पुढचे काही आठवडेही पायाकडे लक्ष असू द्या.

रानजाई
हे फार बरं झालं विचारलं. एक शेवटचं, भारत हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असतो, मग रविवार कुठला धरायचा?

केवडा_गायनॅक
तुम्ही जिथे असाल तिथला रविवार, दिवसात कधीही. एक पॅच काढून दुसरा लावायच्या आठवड्यांत थोडा उशीर झाला, ४८ तासांपर्यंत, तरी संरक्षण टिकतं. पण पॅच नसलेल्या आठवड्यानंतर उशीर चालत नाही, सात दिवसांवर जाऊ द्यायचंच नाही. त्यामुळे परतीचा प्रवास त्या आठवड्यात येत असेल तर नवीन पॅच भारतातल्या रविवारी निघायच्या आधीच लावून मग विमानतळावर जा. जादा पॅच हँडबॅगेत ठेवा, त्यांच्याच पाकिटात, फ्रिजमध्ये नको, आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, तिकडे कमी पडले तर मिळणार नाहीत.